चौदा रविवारचं इंजिन

जुलै लागला की रविवारी सकाळी माझा हात अजूनही गाडीच्या किल्लीकडे जातो. किल्ली खुंटीवरून काढून हातात घेतल्यावर लक्षात येतं, जायचं कुठंच नाही. मग मी ती परत अडकवते आणि चहाचं आधण ठेवते. मिलिंद खिडकीजवळच्या खुर्चीतून हे सगळं पाहत असतो.

हवा मात्र दरवर्षी तशीच होते. चंद्रपूरचा पावसाळा पडतो कमी आणि मुरतो जास्त. दोन दिवस झोडपून झालं की उघडीप येते, आणि त्या उघडिपीत जमिनीतून जी वाफ उठते ती भिंतीत, गादीत, पुस्तकात, माणसात शिरते. टॉवेल वाळत नाहीत. मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीचं झाकण कुणी सैल ठेवलं तर दुपारपर्यंत आत पाणी दिसतं. तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवते आहे. ओल कुठून येते आणि लोखंडाचं काय करते, हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की खडू माझ्या हातात आपोआप चालतो.

तर, आमच्याकडे एक विमान होतं.

हे वाक्य मी जिथं जिथं उच्चारलं, तिथं तिथं समोरच्यानं आधी हसून माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या चपलांकडे पाहिलं. विमान म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं जे येतं तसं ते नव्हतं. चार माणसं अंग चोरून बसतील एवढं. पुढं एक पंखा, त्यामागं एकच इंजिन, डोक्यावरून आडवा गेलेला पंख आणि खाली तीन चाकं. दार जुन्या मोटारीच्या दारासारखं दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. वयानं ते आमच्या लग्नापेक्षा मोठं होतं. आत बसलं की पेट्रोलचा, तापलेल्या रेक्झिनचा आणि आधीच्या कितीतरी माणसांच्या घामाचा मिळून एक वास यायचा.

मिलिंद आणि मी एकाच कॉलेजात शिकलो. तो कोरपन्याकडचा. त्याचे बाबा चुनखडीच्या खाणीत दगड फोडायचे आणि घरी भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मिलिंदची प्रमाणपत्रं लावायचे. तो यंत्रांचा अभियंता झाला आणि गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात भट्टीच्या देखभालीवर लागला. अठ्ठावीस वर्षं त्यानं ती अजस्र फिरती भट्टी सांभाळली. लोक विचारायचे, लहानपणापासून उडायचं स्वप्न होतं का. तो म्हणायचा, "नाई हो. लहानपणी मले सायकल पाहिजे होती." पन्नाशीत एका मित्राबरोबर तो चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर गेला, तिथं एका विमानाचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं, आणि घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. "सुनंदा, चार सिलिंडर," तो मला सांगत राहिला, "फक्त चार. हवेनं थंड होते. पाणी नाई, रेडिएटर नाई. एवढं साधं यंत्र माणसाले वर घेऊन जाते." मी भाजी चिरत होते. नवरा प्रेमात पडला आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानं रीतसर शिक्षण घेतलं, परवाना मिळवला, वेळेआधी निवृत्ती घेतली. मग कळलं की दक्षिणेत एक प्रशिक्षण संस्था बंद पडली आहे आणि तिचं एक विमान विकायचं आहे. आम्ही तिघं गेलो. मिलिंद, मी आणि नागपूरचे बोरकर साहेब. बोरकर साहेब परवानाधारक देखभाल अभियंता, सत्तरीकडे झुकलेले, बारीक, कानात केस, बोलणं तोलून मापून. मला वाटलं होतं की विमान घ्यायचं म्हणजे आधी त्याच्याभोवती फिरून पाहायचं, आत बसायचं. मिलिंदनं पहिला अख्खा दिवस विमानाकडे पाहिलंसुद्धा नाही. एका पत्र्याच्या पेटीत त्या विमानाच्या नोंदवह्या होत्या. कधी काय बदललं, कोणता भाग कुठून आला, कोणत्या तासाला कोणी सही केली. तो जमिनीवर मांडी घालून त्या वाचत बसला. दुसऱ्या दिवशी बोरकर साहेबांनी सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घातला, एकेकाचा दाब तपासला, पंखाच्या सांध्यांवर बोटं फिरवली. संध्याकाळी हात पुसत म्हणाले, "विमान म्हातारं आहे. पण कागद साफ आहेत, आणि आत गंज नाही."

आत गंज नाही. मिलिंदनं ते वाक्य गाडीत मला पुन्हा ऐकवलं.

विमान घेतलं, चंद्रपूरजवळच्या त्याच धावपट्टीवर आणून ठेवलं. मग चार वर्षं. विमान पाळायचं म्हणजे काय, हे मला त्या चार वर्षांत कळलं. उडणं थोडं आणि वाट पाहणं फार. इंधन निळसर रंगाचं, आपल्या पंपावर न मिळणारं, ड्रममधून लांबून यायचं. एक साधा रबरी वायसर परदेशातून यायला तीन महिने. दरवर्षीची तपासणी, दर काही तासांनी तेल बदलणं, दिल्लीच्या खात्याचे कागद. कुंभारमाशा हवेच्या नळीत मातीची घरं करायच्या, म्हणून त्या नळीला मी जुन्या पैठणीच्या काठाची टोपी शिवली होती. माकडं पंखावर बसायची. कोळशाच्या खाणींची काळी धूळ दर आठवड्याला पांढऱ्या रंगावर बसायची आणि आम्ही दोघं बादली घेऊन ती धुवायचो. कारखान्यात अंगावर पांढरी धूळ, इथं काळी, असं मिलिंद हसून म्हणायचा.

धावपट्टीवर लच्छूभाऊ मडावी चौकीदार होते. शेजारच्याच गावचे, पन्नाशीचे, शांत. विमानाला ते "थो" म्हणायचे, घरातल्या कर्त्या माणसाला म्हणावं तसं. "थो आज मजेत हाय, बाई." दुपार कलली की ते कुलूप लावून घरी निघायचे, कारण वाटेत नाल्याजवळ वाघीण पिल्लं घेऊन असायची, आणि तिला उशीर झालेला आवडत नाही असं ते म्हणायचे.

एकदा हिवाळ्यात मिलिंदनं मला कोरपन्याकडे नेलं. खाली कापसाची शेतं, सिमेंटच्या चिमण्या, आणि जुन्या खाणीचा खड्डा, पाण्यानं भरलेला, वरून हिरवागार, अगदी डोळ्यासारखा. त्यानं विमान कलतं केलं आणि खड्ड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. कानावरच्या हेडफोनमधून त्याचा आवाज आला. "इथी बाबानं दगड फोडले." एवढंच. मग आम्ही पूर्वेला वळलो, वैनगंगा ओलांडली, चामोर्शीच्या बाजूला धानाच्या बांध्या कापून झाल्या होत्या आणि त्यात पुंजण्यांचे, रचलेल्या धानाच्या गंज्यांचे, ठिपके दिसत होते. विमान घेण्याला माझा जो थोडा विरोध शिल्लक होता, तो त्या दुसऱ्या फेरीत संपला.

मिलिंदला लकवा आला तो जूनच्या शेवटी. सकाळी दाढी करता करता. मी न्हाणीघराच्या दारात आले तर तो आरशाकडे पाहत होता आणि ब्रश खाली पडलेला. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "नाई." पुन्हा विचारलं. "नाई, नाई." मग त्याचा उजवा गुडघा वाकला.

नागपूरला तीन आठवडे. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि भाषा गेली. डॉक्टरांनी मला समजावलं, यांना कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. हरवलेत असं नाही, सापडत नाहीत. अख्ख्या मराठीतून त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, तो पडताना त्याच्या तोंडात होता तो. नाई. चहा हवा असला तरी नाई, नको असला तरी नाई. मला जवळ बोलवायचं तरी तेच. रडू आलं तरी तेच. मी त्या एका शब्दाचे चढउतार ऐकून अर्थ लावायला शिकत होते. मान डोलावणंही भरवशाचं नव्हतं. हो म्हणताना मान आडवी जायची, आणि आपलं चुकलंय हे कळून तो डोळे मिटून घ्यायचा. लिहायला उजवा हात नाही. डाव्या हातानं अक्षर काढायला बसवलं तर रेघोट्या निघायच्या, कारण हाताच्याही आधी शब्दच सापडत नव्हता.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मला विमानाची आठवण झाली. खरंतर लच्छूभाऊंचा फोन आला. "बाई, थो बसूनच हाय. पाणी लय येऊन राह्यलं. काय करू?"

काय करू, हे मलाही कुठं माहीत होतं? वार्षिक तपासणी जुलैत होती, ती टळली. कागदांवर सही मिलिंदची लागणार होती. कागद नाहीत म्हणजे दुसऱ्या कुणाला उडवायला सांगता येणार नव्हतं, आणि त्या ढगांत उडवणारं कुणी नव्हतंही. बोरकर साहेब मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेले होते, ऑक्टोबरशिवाय येणार नव्हते. मी दोन-तीनदा फोन लावला. लागला नाही. तिसऱ्यांदा मला वाटलं, एवढ्या लांब बसलेल्या माणसाला आपण काय सांगणार, नि तो तरी काय करणार. मी तो नाद सोडला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं मला त्याचा फार पश्चात्ताप झाला.

मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मिलिंद चार वर्षं म्हणत आला होता, "इंजिन बसून राह्यलं का मरते." पावसाळ्यात दोन आठवडे उडायला मिळालं नाही की तो घरात येरझाऱ्या घालायचा. बसू द्यायचं नाही त्याले, चालतं ठेवायचं. शेजारी बसून बसून मला सुरू करणं येत होतं. कोणता खटका आधी, कोणता नंतर, पेट्रोलचा दट्ट्या किती वेळा, ब्रेकवर पाय किती जोरात. मी ठरवलं. माणसाला मला चालवता येत नव्हतं. इंजिन येत होतं.

म्हणून रविवार. सकाळी नर्स आली की मी निघायची. रस्त्याच्या कडेला पळस आणि ऐन पाण्यानं काळे पडलेले, खड्ड्यांत आभाळ, कोळशाच्या ट्रकांची रांग. लच्छूभाऊ चाकांना लाकडी ठोकळे लावून, आग विझवायची लाल नळकांडी हातात धरून लांब उभे राहायचे. मी खिडकीतून ओरडायची, "भाऊ, बाजूला!" ते ओरडायचे, "हो बाई, करा!" आणि मी किल्ली फिरवायची.

दोन फेरे आळसावल्यासारखे, मग एक खोकला, मग सगळं विमान थरथरून जागं व्हायचं. समोरची काच थरथरायची, माझे दात थरथरायचे. त्या आठवड्यात पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी सुरू झालेलं असायचं. मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसायची. तेलाच्या तापमानाचा काटा हळूहळू वर यायचा आणि हिरव्या पट्ट्याच्या तोंडाशी येऊन थांबायचा. फार तापत नाही, हे पाहून मला बरंच वाटायचं.

हे सगळं मी फोनवर टिपून आणायची. घरी आल्यावर मिलिंदच्या उशाशी बसून त्याला दाखवायची. पहिल्या रविवारी इंजिनाचा आवाज ऐकताच त्याचा चेहरा उजळला. अर्धा चेहरा. मग तो पडद्याकडे टक लावून पाहू लागला, मग माझ्याकडे, आणि त्याचा आवाज चढला. "नाई. नाई, नाई, नाई." डावा हात गादीवर आपटत होता. डोळ्यांतून पाणी. मी त्याचं डोकं छातीशी धरलं. म्हटलं, "चालते मिलिंद, चालते. मरू नाई देणार मी त्याले." तो आणखी जोरात म्हणाला, नाई.

मला वाटलं, भरून आलंय. कुणालाही तेच वाटलं असतं. नर्सलाही वाटलं. "सरले आपलं विमान पाहून रडू येते," असं ती तिच्या घरी सांगायची म्हणे. डॉक्टर म्हणाले, भावना जाग्या होणं चांगलंच आहे, दाखवत राहा. मी दाखवत राहिले.

पाचव्या की सहाव्या रविवारी लच्छूभाऊंनी तेलाचं टोपण उघडून मला हाक मारली. "बाई, ह्या टोपणाले साय येऊन राह्यली. काऊन असंन?" टोपणाच्या आतून फिकट चहाच्या रंगाचा, दुधाळ, चिकट थर होता. मी रुमालानं पुसून टाकला. "दमट हवा आहे ना भाऊ," मी म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा होता. मी पुन्हा पुसला. पुढं मी घरून निघतानाच एक जुनं फडकं बरोबर घेऊ लागले.

हे मी केलं. जळताना इंधनातून पाणी तयार होतं, हे समीकरण बारावीच्या मुलांना दर वर्षी पाठ करायला लावणाऱ्या बाईनं, ते पाणी डोळ्यांनी पाहिलं आणि फडक्यानं पुसलं.

त्या पावसाळ्यात मिलिंदला थोडे शब्द मिळाले. गणपतीच्या सुमारास "पाणी" सापडलं. मग "सुना", म्हणजे मी. मग "बस", तो थांबण्यासाठी का बसण्यासाठी ते कळायचं नाही. व्यायाम शिकवायला एक ताई यायची. ती त्याचा उजवा हात उचलून धरायची आणि सोडायची, आणि तो दर वेळी उशीवर पडायचा. मी स्वयंपाकघरातून तो पडल्याचा आवाज ऐकायची. रविवारचं चालू होतंच. त्याचं ओरडणं मात्र हळूहळू कमी झालं. नवव्या-दहाव्या रविवारी मी फोन पुढं धरला तर त्यानं मान भिंतीकडे फिरवली. त्यानं सवय करून घेतली, असं मी समजले. शेवटच्या दोन वेळा तो डोळे मिटून नुसतं ऐकत होता.

ऑक्टोबरच्या शेवटी बोरकर साहेब आले. आधी घरी. मिलिंदजवळ अर्धा तास त्याचा हात धरून बसले. मग आम्ही दोघं धावपट्टीवर गेलो. ऊन कडक पडलं होतं, गवत छातीपर्यंत आलेलं, लच्छूभाऊंनी विमानापर्यंत वाट कापून ठेवली होती. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "एकही रविवार सोडला नाही. चौदा वेळा चालवलं."

ते थबकले. "हवेत?"

"नाही, हवेत कोण नेणार? इथंच. पंधरा-पंधरा मिनिटं."

त्यांनी पाना उचलला. तेलाचं फिल्टर काढलं, कापलं, आतला घडीचा कागद पसरून उन्हात धरला. कागदावर बारीक चमक होती, जरीच्या चुऱ्यासारखी. त्यांनी ती बोटानं उचलली, लोहचुंबकाजवळ नेली. चमक उडून चिकटली. मग एक सिलिंडर उतरवला. त्याला दुपार लागली. आतल्या दांड्याकडे त्यांनी बॅटरीचा उजेड टाकला आणि मला बोलावलं. इंजिनाच्या झडपा उचलणारा तो दांडा आरशासारखा असायला हवा होता. त्याच्या उंचवट्यांना देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते.

"ताई," ते म्हणाले, माझ्याकडे न पाहता, "जमिनीवर चालवायचं नव्हतं. इतक्यानं तेल पुरतं तापत नाही. जळणातून झालेलं पाणी वाफ होऊन जात नाही, आतच राहतं. वर गेलं, तासभर उडलं, तरच ते निघून जातं. नाहीतर मग उघडायचंच नाही. वेगळं तेल भरायचं, तोंडं बंद करायची आणि झाकून ठेवायचं."

"म्हणजे नुसतं ठेवलं असतं तर?"

"तर बहुतेक वाचलं असतं."

लच्छूभाऊ मागं उभे होते. त्यांनी डोक्याचा गमछा काढून हातात घेतला.

पण मिलिंद म्हणायचा ना, बसून राहिलं की मरतं, मी म्हणाले. माझा आवाज मला लहान मुलीसारखा ऐकू आला. बोरकर साहेब म्हणाले, "त्याला उडवणं म्हणायचं होतं. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. मीच त्याला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, आणि त्यानं तीन वेळा विचारून घेतलं होतं."

घरी जाताना मी गाडी एका पुलाजवळ थांबवली. खाली नाला भरून चालला होता. मिलिंदला पक्कं ठाऊक होतं, हे एवढं एक वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं आणि मग त्याच्यामागून तो पहिला रविवार आला. गादीवर आपटणारा हात. नाई, नाई, नाई. ज्या एका माणसाला माहीत होतं आणि ज्याच्याकडे जगात एकच शब्द उरला होता, त्याचा तो शब्द नेमका हवा होता तोच होता. तो त्यानं मला दर आठवड्याला सांगितला. मी त्याला जवळ घेऊन गप्प केलं.

मी घरी येऊन त्याला सगळं सांगितलं. लपवावं असं क्षणभर वाटलं. पण त्याच्यापासून यंत्राबद्दल काही लपवणं मला जमलं नसतं. दांडा, खड्डे, फिल्टरमधली चमक. तो ऐकत होता. मग मी विचारलं, "तू मले हेच सांगत होता का? चालवू नको म्हणून?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, तिची करकर ऐकू येत होती. मिलिंदनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "नाई."

आता यातून मी काय घ्यावं? तो नाही म्हणत होता, की हो म्हणत होता, की मला वाचवत होता? "हो" हा शब्द तेव्हा त्याला आलेला नव्हता. तो डिसेंबरात आला, एके सकाळी, भाकरी वाढू का विचारल्यावर, अचानक आणि स्पष्ट. मी आनंदानं शेजारच्यांना बोलावलं. आता त्याला हो आणि नाही दोन्ही नीट म्हणता येतं, मान आणि शब्द एकाच दिशेला जातात. मी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. दर पावसाळ्यात तो ओठांपर्यंत येतो.

इंजिन नवं घालणं आमच्या आवाक्याबाहेर होतं, आणि घालून तरी कुणासाठी? विकायचं म्हटलं तर विमान त्याच्या नावावर आणि त्याची डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना. कागद दोनदा परत आले. तपासणारा माणूस फोनवर अगदी सौम्यपणे म्हणायचा, मॅडम, मी समजू शकतो, पण सही वेगळी आहे. वेगळी होतीच. माणूसच वेगळा झाला होता, पण तसा रकाना अर्जात नव्हता. मिलिंद रोज सकाळी वहीत सही गिरवायचा, पहिलीच्या मुलासारखी जीभ बाहेर काढून. ज्या सहीनं विमान जाणार होतं ती सही नीट येण्यासाठी तो इतका झटत होता, की मला तिथून उठून जावं लागायचं. शेवटी डॉक्टरांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, असं करत दीड वर्षानं ते मार्गी लागलं. विमानांची देखभाल शिकवणाऱ्या लांबच्या एका संस्थेनं ते घेतलं. उडवायला नाही, मुलांना उघडून जोडायला.

ट्रक आला तेव्हा मार्च होता. मोहफुलांचा वास सगळ्या रानावर दाटला होता, लांब कुठंतरी पाचोळा जळत होता. पंख उतरवून वेगळे बांधायचे होते. चार माणसं पाने घेऊन तयार होती. मिलिंद गाडीत बसूनच पाहील असं ठरलं होतं. पण त्यानं दार उघडलं, काठी बाहेर टेकवली आणि चालू लागला.

उडण्यापूर्वी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो, प्रत्येक भाग हातानं पाहतो. मिलिंद ती फेरी मारू लागला. डावीकडून सुरुवात केली. चाकाजवळ वाकला, टायरला हात लावला. पंखाच्या मागची झडप वर-खाली करून पाहिली. शेपटीशी थांबला, तिथले खिळे बोटानं मोजले. त्याचा उजवा पाय धूळ ओढत चालला होता आणि मागं एक रेघ उमटत होती. ट्रकवाल्यांपैकी एकजण पुढं येऊ लागला, तसे लच्छूभाऊ हलकेच म्हणाले, "राहू द्या. पाहू द्या त्यायले." मग कुणी हललं नाही. पंख्याच्या पात्याच्या कडेवरून त्यानं तळहात फिरवला, कुठं टवका आहे का बघायला.

मग तो पंखाखाली थांबला आणि वर पाहू लागला. टाक्या पंखात असतात, झाकणं वरच्या बाजूला. वर चढून, लाकडी पट्टी आत घालून, इंधन किती आहे ते डोळ्यांनी पाहायचं असतं. काट्यावर विसंबायचं नाही. त्याला चढता येणार नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मिलिंद, टाक्या रिकाम्या केल्यात," मी म्हटलं. "काल बोरकर साहेबांनीच केल्या."

तो तसाच उभा राहिला.

मी शिडी लावली, वर चढले. झाकण उन्हानं तापलं होतं. पट्टी आत टेकवली, बाहेर काढली, खाली वाकून त्याच्यासमोर धरली. कोरडी होती. त्यानं चष्मा नीट केला, पट्टी टोकापासून वरपर्यंत पाहिली, आणि मान हलवली. मग डावा हात उचलून पलीकडच्या पंखाकडे बोट दाखवलं.

मी उतरले, शिडी उचलली आणि दुसऱ्या बाजूला नेली.